पोचूभाऊचा शेरा

"खाली मुंगीवानी काय लिवलं हाये, वाच बरं," पोचूभाऊनं फोन दिव्यानीच्या पार नाकापर्यंत नेला.

"'मेल नको असल्यास इथे दाबा' म्हणते."

"मंग दाब ना! मुहूर्त पाह्यतं का?"

राजुऱ्याच्या ऑनलाइन सेंटरातली ही चुणचुणीत पोरगी एरवी टोला परत केल्याशिवाय राहायची नाही. आज तिनं नुसता फोन हातात घेतला. फोन प्रणितचा होता, पोचूभाऊच्या एकुलत्या पोराचा. नवी गाडी घेऊन तो तीनच महिने गडचांदूरला कामाला गेला आणि एका सकाळी ट्रकखाली आला. गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली आहे. शोरूमला त्याचं काय! दर सोमवारी मेल हजर: 'प्रिय प्रणित, तुमची गाडी तुमची वाट पाहते आहे!'

फोन टिंग वाजला, की प्रणितची आई सुगंधाबाई पिठाच्या हातानं चुलीपासून उठून येते. नुसती उभी राहते. मग परत जाते. ते टिंग पोचूभाऊला बंद करायचं होतं. बस, एवढंच.

"भाऊ, फोनच बंद करून ठेवा ना."

"तुही काकू रोज चार्जिंगले लावते त्याले. तू सांगतं का तिले?"

दिव्यानीनं बटण दाबलं. पडद्यानं कारण विचारलं; ते निवडल्याशिवाय पुढे सरकेना. पर्याय तीनच: फार मेल येतात. ऑफर आवडत नाहीत. गाडी विकली.

"अन् मेला, ते कुठी हाये?"

"तसं नाई त्यात. 'गाडी विकली' दाबू का?"

"खोटा शेरा म्या जल्मात नाई मारला. कायदा नाई का याच्यावर?"

"नको ते फोन-मेसेज बंद कराले १९०९ नंबर हाये. मेलसाठी तसा नंबर नाई. म्या शोरूमले फोन केला होता, भाऊ. ग्राहकानं स्वतः सांगा लागते म्हणे."

"स्वतः!" पोचूभाऊ हसला. ते हसणं दिव्यानीला बघवलं नाही.

एकतीस वर्षं त्यानं सायकलवर टपालाची थैली वाहिली. पत्राचा धनी सापडला नाही, तर लाल पेनानं शेरा मारायचा आणि पत्र परत धाडायचं. पत्ता अपुरा. घेण्यास नकार. मयत. दहा गावांचे मेलेले त्या पेनाखालून गेले, पण पेन कधी अडलं नाही. टपालखात्यानं मेलेल्यासाठी निदान एक शब्द तरी ठेवला होता!

"कागदावर काढून दे मले. परत धाडतो."

छापील मेल हाती येताच त्यानं खिशातून लाल पेन काढलं. 'म' लिहिला. पेन तिथंच थांबलं. शाईचा ठिपका फुगत गेला.

"दुसरा कागद दे, पोरी. हा खराब झाला."

दिव्यानीनं दिला आणि उगाच की-बोर्ड पुसत बसली. पोचूभाऊनं ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'पत्ता न देता गेला.' खाली सही, तारीख.

"भाऊ, हे..."

"हा बी शेराच असते. खोटा नाई."

कागद पाकिटात घालून त्यानं वर शोरूमचा पत्ता लिहिला, बाहेरच्या लाल टपालपेटीत पाकीट टाकलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईतो कान देऊन उभा राहिला. मग फोन सदऱ्याच्या खिशात घालून वरचं बटण लावलं आणि भरभर निघाला. सुगंधाबाईची चार्जिंगची वेळ झाली होती.