मंगळवारीच उभी केलेली खाट

मित्रांनो, मी आमगावजवळच्या एका गावातली खाट आहे. वय पस्तीस. लाकूड बिजाचं, दोरी अंबाडीची. तुम्हाला शाळेत पडकी विहीर, फाटकी छत्री, म्हातारा बैल यांची गाऱ्हाणी लिहायला देतात. ती सगळी मंडळी शेवटी डोळे पुसून सगळ्यांना क्षमा करतात. मी करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला केवळराम बिसेन यांनी स्वतःच्या हातांनी विणलं. दिवसा ते धानाच्या बांधीत राबत आणि उरलेल्या वेळात माझ्यावर पडत. दर पंधरा दिवसांनी पायथ्याची दोरी ओढून मला ताठ करत. "ढिली खाट आन् ढिला मानूस, दोन्ही कंबर मोडते," असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुलगा गजेंद्र माझ्यावरच रांगला, माझ्यावरच अभ्यासाला बसला आणि एक दिवस कॅनडाला गेला. तिकडून त्याने घरासाठी पैसे पाठवून पांढऱ्याशुभ्र फरश्या बसवून घेतल्या. स्वतः मात्र नऊ वर्षांत आला नाही. दर वर्षी तो "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचा, आणि केवळराम मला अंगणात काढून ऊन दाखवायचे. मुलगा आला तर खाटेत ढेकूण नकोत म्हणून.

या डिसेंबरात गोंदियाच्या डॉक्टरांनी केवळरामांना घरी न्यायला सांगितलं. याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला. फक्त तारीख कळली नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

गजेंद्रच्या कंपनीत बाप मेला तर रजा मिळते. बाप मरत असेल तर मिळत नाही. म्हणून त्याने घनश्यामकाकांना, म्हणजे केवळरामांच्या धाकट्या भावाला, फोन केला. फोन स्पीकरवर होता आणि काका माझ्याच कडेवर बसले होते.

"काकाजी, अंदाजे किती दिवस धरू?"

काकांनी भावाची नाडी धरली. नखं बघितली. छताकडे बघितलं. गावात कोणी मरायला टेकलं की काकांनाच बोलावतात. त्यांनी अकरा माणसं 'खाली घेतली' आहेत, म्हणजे शेवटच्या घटकेला खाटेवरून जमिनीवर ठेवली आहेत. आमच्याकडे माणसाला खाटेवर मरू देत नाहीत.

"मंगळवार नाई ओलांडत," काका म्हणाले. "निघ तू."

गजेंद्रने लगेच कंपनीला कळवलं की वडील वारले. तो दिवस शनिवार होता. मित्रांनो, त्या वेळी केवळराम माझ्यावर पडून पेज पीत होते.

मंगळवार उजाडला. केवळराम बेत मोडतील अशी काही चिन्हं होती. सकाळी त्यांनी बिडी मागितली. काकांची घालमेल सुरू झाली. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि भाऊ ते बिडीच्या धुरात घालवायला निघाला होता. दुपारी चारला केवळराम तोंड उघडं टाकून झोपले. काकांनी नाकापाशी बोट नेलं आणि म्हणाले, "घ्या खाली."

"अजी भाऊजी, झोपले हायत ते," सुशीलाबाई म्हणाल्या. केवळरामांची बायको, घरधनीण त्याच, पण अशा वेळी बायकांचं कोण ऐकतं?

"वहिनी, मी अकरा मानसं खाली घेतली हायत."

त्या अकरांपैकी कितीजण तयार होते, हे कोणी विचारलं नाही. फरशीवर शेणाचा एक पोचारा मारला, वर चटई टाकली आणि केवळरामांना उचलून त्यावर ठेवलं. फरशी लागताच त्यांनी डोळे उघडले.

"घनश्याम, थंडी वाजून राहिली बे."

"भ्रम हाय," काकांनी सगळ्यांना समजावलं. "असंच बोलते मानूस शेवटी."

मग मला अंगणात नेलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. आमच्या वस्तीत उभी खाट दिसली की घरातलं माणूस गेलं असं समजतात. माझ्याकडून असं खोटं वदवून घेतलं, याचा राग माझ्या लाकडातून अजून गेलेला नाही.

लोक यायला लागले. बाया अंगणातूनच हंबरडा फोडत आत शिरायच्या आणि केवळराम त्यांच्याकडे बघताहेत असं दिसलं की मध्येच थांबायच्या. शेजारची प्रेमिला तर म्हणाली, "अगो माय, हे तं जित्ते हायत! मी सैपाक टाकून आली ना!" तरी कोणी म्हणालं नाही की माणूस जिवंत आहे, वर घ्या. आलेला प्रत्येकजण चमच्याने तुळशीचं पाणी पाजून जायचा. दोन दिवसांत त्या माणसाने तांब्याभर शेवटचं पाणी प्यायलं. त्या पाण्याने पोट गार, फरशीने पाठ गार. आणि फरशी कोणी बसवली होती, ते मी सांगितलंच आहे.

गुरुवारी सकाळी गाडी दाराशी थांबली. गजेंद्र उतरला, त्याने मला उभं बघितलं आणि तो तिथेच मातीत बसला. मोठा झालेला, पोट सुटलेला माणूस लहान पोरासारखा रडत होता. तेवढ्यात आतून खोकला आला. नऊ वर्षं फोनवर ऐकलेला खोकला. त्याने ओळखला आणि आत धावला.

"बाबूजी खाली काऊन हायत?"

"मंगळवारीच घेतले," काका म्हणाले. "आता थोडाच येळ हाय."

"गुरुवार हाय आज! वर घ्या त्यायले."

"एकदा खाली घेतलेला मानूस वापस खाटेवर घेत नाई. घराले लागते ते."

"अन् थंडी लागून राहिली ते?"

काका उठून उभे राहिले. जमलेली सगळी माणसं त्यांच्यामागे होती. "मोठा आला सांगनारा! नऊ वर्स कुठी होता बे तू? गू-मूत कोनं काढला? आता आम्हाले रीत शिकवतं?"

मलाही त्या क्षणी काकांचं पटलं, खोटं कशाला सांगू. मी दोघांवरही रागावले होते. एकाने केवळरामांना कंपनीत मारलं होतं, दुसऱ्याने घरात.

"नव्हतो," गजेंद्र म्हणाला. "माह्यी चूक हाय. त्याची शिक्षा त्यायले कायले देता?"

त्याने बाहेर येऊन मला आडवं केलं आणि आत ओढत नेलं. मी पार ढिली पडले होते, मध्ये झोळ आलेला. तो दोरीशी झटापट करू लागला. इंजिनिअर माणूस, गाठ सुटेना. खालून केवळराम बघत होते.

"उलटी ओढून राहिला," ते म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदाच कोणी त्यांचं बोलणं भ्रम मानलं नाही. "लाकडाले पाय लाव. हां. आनखी ओढ."

त्याने ओढली. माझ्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलं, त्यावर गोधडी. बापाला उचलायला दुसऱ्या बाजूने कोणी पुढे येईना. तेव्हा सुशीलाबाई डोक्यावरचा पदर कमरेला खोचून उठल्या. केवळराम माझ्यावर आले तेव्हा दोरी वाजलीसुद्धा नाही, इतकं कमी त्यांचं वजन उरलं होतं.

अर्धा गाव रुसून निघून गेला.

परतीचं तिकीट पुढच्या रविवारचं होतं. रविवार आला आणि केवळराम होतेच. काका दारात येऊन म्हणाले, "तू जाय बिनधास्त. मी हावो ना इथं."

"तुमी हाय म्हून तं जाऊन नाई राहिलो, काकाजी."

तो थांबला. रोज बापाची पाठ पुसायचा, कूस बदलायचा. दोघे फार बोलत नसत. बोलायची सवय नव्हती. बुधवारी दुपारी केवळराम गेले. माझ्यावरच, मुलाचा हात उशाला घेऊन.

तेरवी आटोपली आणि माझा निकाल लागला. काका म्हणाले, खाटेवर मेलेल्या माणसाचा जीव खाटेतच अडकतो. खाट नाल्यावर नेऊन टाका. चारजणांनी माना हलवल्या. मित्रांनो, इथे मी तुम्हाला जुन्या वस्तू जपा म्हणून विनवणी करावी, अशी पद्धत आहे. वस्तूंचं राहू द्या. माणूस मरायच्या आधी त्याला मेलेला धरू नका, मग ते रजेच्या अर्जात असो की फरशीवर. आणि एखादा म्हणाला की थंडी वाजते, तर त्याला थंडीच वाजत असते.

दोघेजण मला उचलायला आले, तेव्हा सुशीलाबाई भर दुपारी सगळ्यांसमोर येऊन माझ्यावर आडव्या झाल्या.

"यायचा जीव अडकला म्हनता ना हिच्यात?" त्या म्हणाल्या. "मंग मी इथंच निजीन. सरका तिकडं."