चैतीच्या लुगड्याची झोळी

मी एक जुनी झोळी आहे. मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर, कुडाच्या घरात माझा जन्म गेला. मित्रांनो, त्याआधी मी चैती नावाच्या म्हातारीचे लुगडे होते. मला नेसून ती नागली लावायची, दिवसभर बडबडायची आणि "येऽऽ गो येऽऽ" अशी लांबट हाक मारून कोंबड्या गोळा करायची. ती गेली. पुढल्या वर्षी तिची सून सुकरी हिला मुलगी झाली. सुकरीने माझी झोळी आढ्याला बांधली आणि तान्ह्या राहीला माझ्यात निजवले. मला धन्य वाटले.

पण खोडाळ्याच्या बाजारात एका शिकलेल्या बाईंनी सुकरीला सांगितले, की घरची बोली पोरीच्या कानावर पडू देऊ नकोस, शाळेत मागे पडेल. सुकरीने ते मनाला लावून घेतले. शाळेची मराठी तिला कितीशी येणार? 'बस', 'खा', 'झोप', एवढ्यावर ती भागवायची. मन भरून आले, की घरामागे जाऊन कोंबडीशी हळूच बोलायची. कोंबडीच्या वाट्याला गोष्टी आणि पोरीच्या वाट्याला तीन शब्द! मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

त्या मुक्या घरात चैती माझ्यात जागी झाली. वारा नसतानाही मी हलत असे आणि माझ्या सुतातून तिची हाक निघत असे. राही डोळे मोठे करून ऐकत पडायची.

अडीच वर्षांची झाली तरी राही बोलेना. मेलेलीच्या लुगड्याने पोरीची वाचा धरली, अशी पाड्यावर कुजबुज झाली. शेवटी सुकरीचा नवरा पोश्या म्हणाला, की झोळी ओढ्यात सोडून ये.

भर दुपारी सुकरीने मला आढ्यावरून सोडले. खांद्यावर टाकताना तिला रडू कोसळले आणि ती पहिल्यांदाच राहीसमोर आपल्या बोलीत सासूशी बोलली.

"आये, तू नाय धरली हिची वाचा. मीच मुकी झालू. मंग पोर कशी बोलंल?"

राहीने माझे टोक घट्ट धरले.

"येऽऽ गो येऽऽ," ती म्हणाली.

सुकरीच्या अंगावर काटा आला. घरात ती हाक चैती गेल्यापासून कोणीच मारली नव्हती. सुकरी तिथेच खाली बसली, तिने राहीला मांडीवर घेतले आणि दिवस कलेपर्यंत तिच्याशी बोलत राहिली.

आता राही खूप बोलते, अंगणवाडीत मराठीही शिकते. मला ओढ्यात सोडले नाही, पण घडी करून माळ्यावर टाकले. कोणी हात लावत नाही. खेळता खेळता राही मध्येच गप्प होते आणि वर बघते.

मित्रांनो, लहानग्यांशी आपल्या बोलीत भरभरून बोला. तुम्ही गप्प राहिलात, तर आम्हा जुन्या वस्तूंना बोलावे लागते. आणि आमच्याजवळ फक्त गेलेल्यांचे आवाज असतात.