शाळेवरची झेंडी

टेबलावरच्या वाळूत रोवलेली लाल झेंडी तिने उपटली आणि सरळ कर्नलपुढे धरली.

"ही इथून काढा, काका."

"साहेब म्हण!" दारातला शिपाई गुरकावला.

"ही इथून काढा, साहेबकाका."

कर्नलच्या मिशा किंचित हलल्या. शाळेच्या टेबल-टेनिसच्या टेबलावर त्याच्या माणसांनी वाळूचं अख्खं गाव उभं केलं होतं. काड्यापेट्यांची घरं, निळ्या खडूच्या भुकटीचा कालवा, आणि शाळेच्या जागी वर्गात कुणीतरी विसरलेली कंपासपेटी. लष्कराचं ठाणं दाखवणारी झेंडी तिच्याशेजारीच होती. डोंगरातल्या बंडखोरांना गावात उतरू द्यायचं नाही म्हणून लष्कराने शाळेच्या गच्चीवर वाळूच्या पोत्यांचा मोर्चा बांधला, तेव्हापासून शाळा बंद होती. मुख्याध्यापक अर्ज करून करून थकले. मग तुडतुडी स्वतःच आली. पाय आणि जीभ दोन्ही एका जागी ठरत नाहीत, म्हणून घरादारात तिचं हेच नाव पडलं होतं.

"गच्चीवरून सगळा बाजार माझ्या टप्प्यात येतो," कर्नल म्हणाला. "आज मी उतरलो, की उद्या ते चढतील."

"आणि नाही उतरलात तर? पोरं घरी बसलीत, साहेब. बसून बसून कंटाळली की डोंगरात जातात. तुम्ही इथे एक गच्ची राखताय आणि तिकडे त्यांची भरती करून देताय. तीही फुकटात!"

शिपायाला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

"बरं. मी कालव्यापलीकडच्या गिरणीत हललो, तर ते शाळेत घुसणार नाहीत कशावरून?"

"नाहीच घुसणार. शाळेला हात लावायचा नाही असं ठरलंय त्यांचं, दादाच म्हणा—"

जीभ थांबली, पण उशीर झाला होता. शिपायाचा खोकलाही थांबला.

"दादा काय करतो तुझा?" कर्नलचा आवाज होता तसाच होता.

"शहरात असतो. गवंडीकाम करतो." गावाला घरच्यांनी हेच सांगितलं होतं. तिचा हात टेबलावरच्या वाळूत रुतला होता. तो तिने काढला नाही. पाय तर जमिनीला खिळल्यासारखे.

कर्नलने झेंडी घेतली, टेबलाला वळसा घातला आणि ती गिरणीशेजारी रोवली.

"पोत्यांच्या भाराने गच्चीला भेगा गेल्यात. बुजवायला गवंडी हवाय मला. दादाला म्हणावं, हातात फक्त थापी घेऊन यायचं. अंधार पडल्यावर, मागच्या फाटकाने. कुणी काही विचारणार नाही."

तिने वाळूतलं मागचं फाटक पाहिलं. त्याच्यामागे एकही घर नव्हतं; तिथे काय घडलं ते कुणालाच दिसलं नसतं.

"मागच्या नको, साहेब. पुढच्या फाटकाने येईल. भर दुपारी, मधल्या सुट्टीत. सगळी शाळा पटांगणात असताना."

"म्हणजे आधी शाळा उघडायची."

"आधी शाळा."

 कर्नलने कंपासपेटी उचलली, वाळू झटकली आणि तिच्या हातात ठेवली. टेबलावरच्या गावात चौकोनी खळगा उरला.

"गच्चीवरची पोती खाली घ्या," तो शिपायाला म्हणाला.

पाय पळायला बघत होते, पण फाटकाबाहेर पडेपर्यंत तुडतुडी एकदाही पळाली नाही.