तीन रेघांनंतरचं रीळ

गोदावरीबाईंनी शेवटी वर्षश्राद्धाचा स्वयंपाक केला. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं सोवळ्यात आणि एकटीनं. भटजी पोटभर जेवून गेले. कावळ्यानंही फार वाट पाहायला लावली नाही.

हे अजून घडलेलं नाही. वाचकानं ते ऐकलंच नाही असं धरून चालावं. कारण त्या रविवारी दुपारी ते मोरोपंत वकिलांनाही ठाऊक नव्हतं, आणि जे वकिलाला ठाऊक नाही ते कोणालाच ठाऊक असू नये, असा त्रेसष्ट साली अमरावतीत दंडक होता.

मोरोपंतांना ठाऊक होतं ते एवढंच. नारायणला जाऊन येत्या गुरुवारी वर्ष होणार, आणि बायको श्राद्धाला नाही म्हणते.

नारायण त्यांचा एकुलता एक. ओव्हरसियर होता, चोवीस वर्षांचा. धारणीकडे रस्त्याच्या कामावर असताना जीप दरीत गेली. नाल्यांना पूर होता, तीन दिवस रस्ता बंद. तिकडेच सगळं उरकावं लागलं. घरी आला तो फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या. असला तांब्या घरात घेत नाहीत, म्हणून तो एक रात्र अंगणातल्या कडुनिंबाला टांगला आणि दुसऱ्या दिवशी कौंडण्यपूरला वर्धेत नेला. गोदावरीबाईंनी मुलाचं शेवटचं दर्शन घेतलं ते असं, खिडकीतून, झाडाला लटकलेलं. त्या रडल्या नाहीत. श्राद्धाचं नाव काढलं तेव्हा म्हणाल्या, "कुणाचं?"

"असं काय करतेस?"

"तुम्ही पाहिलं का त्याला?"

"कामावरच्या माणसांनी पाहिलं. डॉक्टरानं लिहून दिलं."

"ऐकीव पुरावा चालत नाही, असं तुम्हीच तीस वर्षं सांगत आलात."

आचारी बोलावता आला असता. पण परक्या हातच्या खिरीला नारायण तोंड लावत नसे हे मोरोपंतांना पक्कं माहीत होतं, आणि या विचारात काही अडचण आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसरा इलाज त्यांना सिनेमात दिसला. अचलपूरहून विलायतेला परत निघालेल्या एका पाद्र्याकडून त्यांनी सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेतला होता. त्याच्या जोरावर 'चित्रास्वाद मंडळ, अमरावती-अकोला' चालत असे. मुंबईच्या एका संस्थेकडून महिन्याला एक परदेशी नाहीतर कोण्या हौशी पोरांनी पदरमोड करून काढलेला बिनगाण्याचा चित्रपट येई. मोरोपंतांच्या माजघरात खिडक्यांना घोंगड्या लावून, भिंतीवर धोतर ताणून तो भर दुपारी दाखवत, आणि संध्याकाळच्या गाडीनं डबे अकोल्याला जात. मंडळाचे सभासद तीन. अध्यक्ष मोरोपंत. चिटणीस त्यांचा भाडेकरू उद्धव, हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि यंत्र चालवायचा. अकोला शाखा म्हणजे खुशालराव, साठ एकर काळ्या जमिनीचे धनी.

मंडळाचा नियम एकच होता: अभिप्राय दिल्याशिवाय कोणी उठायचं नाही. अभिप्राय वहीत लिहिले जात आणि मुंबईला पाठवले जात. मोरोपंतांचे अभिप्राय निकालपत्रासारखे असत. 'नायिका पाऊण तास खिडकीशी उभी आहे. कारण दिलेले नाही. तरीही तिचे म्हणणे मान्य करावे लागते.' खुशालरावांचे आखूड. 'दोघा भावांत एक गाढव. वाटणी कोणीच करत नाही. पाच मिनिटांचं काम होतं.' गोदावरीबाई सभासद नव्हत्या, पण दाराशी निवडायला घेऊन बसत, म्हणून त्यांचंही मत 'घरातील' या सदरात पडे. त्या फक्त कोण जेवलं आणि कोण नाही जेवलं ते सांगत. फ्रान्सच्या एका फार गाजलेल्या चित्रपटाबद्दल मंडळाच्या दप्तरी 'घरातील: सगळे उपाशी' एवढीच नोंद आहे.

मुंबईच्या यादीत मोरोपंतांना एका जपानी चित्रपटाखाली दीड ओळ सापडली. 'कोळ्याची विधवा आपल्या तरुण मुलाचा मृत्यू स्वीकारते.' त्यांनी तो तारेनं मागवला. जे आपल्याला सांगता येत नाही ते जपानातली एक बाई सांगेल, आणि बाईचं बाई ऐकते. शिवाय ही डोळ्यांदेखत सांगणार. प्रत्यक्ष पुरावा.

डबे आले पाच. आत कागद नव्हता. डब्यांवर जपानी आकडे. पहिल्यावर एक आडवी रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. इथवर जपानी माणूस सरळ वागला होता. उरलेल्या दोन डब्यांपैकी एकावर पडदे लावलेल्या खिडकीसारखी बंद चौकट होती, आणि दुसऱ्यावर मोडक्या खुर्चीसारखं काहीतरी.

"काका, यातलं चौथं कुठलं?" उद्धवनं विचारलं.

"तू सायन्सचा ना?"

"सायन्समध्ये खुर्ची येत नाही."

खुशालराव अकोल्याहून सकाळीच येऊन पोचले होते. ते म्हणाले, "टाका ना कोणतंबी. आपल्याले थोडीच समजून रायलं?"

मोरोपंतांना असली बेफिकिरी खपत नसे. त्यांनी दोन्ही डबे टेबलावर ठेवले, चष्मा पुसला आणि रीतसर सुनावणी घेतली. उद्धवनं खिडकीची बाजू मांडली, खुशालरावांनी खुर्चीची. निकाल असा झाला: चौकट चारी बाजूंनी बंद आहे. बंद म्हणजे प्रकरण मिटलं. खुर्ची दोन्ही अंगांनी उघडी, म्हणजे काम अजून चालू. सबब खुर्ची आधी, खिडकी शेवटी.

इतका विचार करून चूक करणारी माणसं आता उरली नाहीत.

दुपारी दोनला यंत्र सुरू झालं. खाली इंग्रजी अक्षरं येत, आणि मोरोपंत नेहमीप्रमाणे कोर्टातल्या दुभाष्याच्या आवाजात त्यांचं मराठी करत. "आई म्हणते, जाळं फाटलं. मुलगा म्हणतो, शहरात काम मिळालं." तीन रेघांपर्यंत सगळं सुरळीत गेलं. मुलगा शहरात गेला. आई दार उघडं ठेवून माशांची खवलं काढत बसली. गोदावरीबाईंनी तुरीची डाळ निवडता निवडता सुपातून वर पाहायला सुरुवात केली.

खुर्चीचं रीळ लागलं आणि एकदम पोलीस आला. टोपी काढून दारात उभा राहिला.

"मुलगा कसा गेला ते दाखवलंच नाही," उद्धव पुटपुटला.

"कला आहे," मोरोपंत म्हणाले. ते धोतराकडे पाहतच नव्हते, बायकोकडे पाहत होते. जपानी बाईनं मुलाचे कपडे बाहेर काढले. एकेक सदरा मांडीवर घेऊन घडी घातली. काडेपेटीएवढ्या देवळापुढे उदबत्ती लावली आणि फार वेळ खाली मान घालून बसली. मोरोपंतांनी मराठी केलं, "आई म्हणते, गेला तो." त्यांचा दुभाष्याचा आवाज इथे जरा हलला. गोदावरीबाईंचे हात सुपात थांबले होते. पण चेहऱ्यावर काही नव्हतं. साक्षीदार आहे, पण माझा नाही, असा तो चेहरा.

मग धोतरावर एकच मोठं जपानी अक्षर आलं, बराच वेळ थांबलं आणि अंधार झाला.

"मध्यंतर," मोरोपंत म्हणाले.

"लय उशिरा देतेत हे लोक मध्यंतर," खुशालराव म्हणाले.

उद्धवनं खिडकीचा डबा उघडला. रीळ फिरू लागलं. दारातून मुलगा आत आला.

मोरोपंतांना सगळं एका क्षणात कळलं. निकाल उलटा लागला होता. मेलेला मुलगा घरी परत आला होता, आणि ज्या बाईला तो मेला हे पटवायचं तिच्या देखत आला होता, अध्यक्षांच्या हुकमानं. ते ताडकन उठले. त्यांची सावली धोतरावर पडून मुलगा झाकला गेला.

"बसा हो," गोदावरीबाई म्हणाल्या. "दिसत नाही."

वर्षभरात त्यांनी नवऱ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती. मोरोपंत बसले.

मुलगा पाटाएवढ्या टेबलापुढे बसला. आईनं वाडगा भरला. तो खाऊ लागला, ती पाहू लागली. कुंपणावर कावळा येऊन बसला होता. "जपानातबी हाय वाटते," खुशालराव हळूच म्हणाले. खाली अक्षरं येत होती. 'उद्या पहाटेच्या होडीनं मी जाईन, आई.' 'आणखी घे थोडं.' मोरोपंतांनी मराठी केलं नाही. आईनं दुसऱ्यांदा वाडगा भरला. पहाट झाली, मुलगा किनाऱ्यावरून चालत लहान लहान होत गेला, आई दारात उभी राहिली, आणि रीळ संपून यंत्र फडफडायला लागलं.

उद्धवनं घोंगडी सारली. उजेडात सगळे एकमेकांकडे पाहायचं टाळत होते. पण नियम तो नियम. वही उघडली.

"समजलं नाही," उद्धव म्हणाला. "आधी मेला, मग आला."

"लिवा," खुशालराव म्हणाले, "पोरगं आलं. बस, मले एवढंच पायजे होतं." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मग भलेही कसंही येवो."

मोरोपंतांनी तोंड उघडलं. रिळं उलटी लागली, चूक माझी, खरा शेवट आधीच झाला, हे सांगायलाच हवं होतं. वकिलीची सनद घेतलेला माणूस खोटा पुरावा दप्तरी ठेवू शकत नाही. "हे बघ," ते बायकोला म्हणाले, "यात एक घोटाळा–"

"परत जाणार होता ना तो?" गोदावरीबाईंनी विचारलं. "काय म्हणाला आईला? तुम्ही सांगितलं नाही."

"उद्या पहाटे जाईन, म्हणाला."

"आणि ती?"

"आणखी घे, म्हणाली."

गोदावरीबाईंनी मान हलवली. "शहाणी आहे. गेलेला मुलगा वर्षानं एकदा जेवायला येतो, हे तिला माहीत आहे. राहा म्हणाली नाही. कुठे होतास, कसा गेलास, काही विचारलं नाही. वाढलं फक्त."

मोरोपंतांनी घोटाळ्याचा मुद्दा मागे घेतला.

"मी मात्र वर्षभर दार धरून बसले," त्या म्हणाल्या. "तो यायचा तर त्याला उपाशीच परत जावं लागलं असतं." आणि मग सूप बाजूला ठेवून, उद्धव आणि खुशालराव यांच्यादेखत, त्या पहिल्यांदा रडल्या. मोठ्यानं नाही. डाळ निवडावी तशा, एकेक थेंब करून. खुशालराव उठले आणि, अभिप्राय देऊन झाला होता म्हणून, नियमानं अंगणात गेले. उद्धव यंत्राच्या मागे वाकून न सुटलेला स्क्रू घट्ट करत राहिला.

काही वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "गुरुवारी ना?" त्या म्हणाल्या. "नवे तांदूळ आणा. आणि भटजींना दहालाच या म्हणा, त्याला भूक आवरत नाही."

मोरोपंतांनी 'घरातील' या सदरापुढे स्वतःच्या हातानं लिहिलं: 'मुलगा जेवला.'

संध्याकाळी खुशालराव डबे घेऊन बडनेऱ्याला निघाले. टांग्यात बसता बसता त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, आमच्या अकोल्याले कसं दाखवू? सरळ का उलटं?"

मोरोपंतांनी बराच विचार केला. त्यांनी आयुष्यात निकाल फिरवण्यासाठी वरच्या कोर्टात अनेक अर्ज केले होते. चुकीचा निकाल कायम राहावा म्हणून अर्ज करण्याची ही पहिली वेळ होती. रात्र पडायच्या आत त्यांनी तो लिहून उद्धवकडून इंग्रजीत टंकलिखित करवला. मूळ मसुदा असा होता:

"प्रति, जपान सरकारचे चित्रपट खाते, टोकियो.

विषय: रिळांचा अनुक्रम बदलणेबाबत.

महोदय, आपल्या देशातून आलेला कोळ्याच्या विधवेचा चित्रपट या मंडळाने दि. १८ रोजी पाहिला. अनवधानाने रीळ क्र. ५ हे रीळ क्र. ४ च्या आधी लावण्यात आले. संपूर्ण विचारांती मंडळाचे एकमत झाले आहे की हाच क्रम योग्य असून मूळ क्रमात मुलावर अन्याय होतो. सबब विनंती की, सदर चित्रपटाच्या जगभरातील सर्व प्रतींमध्ये उपरोक्त दोन रिळांची तात्काळ अदलाबदल करण्यात यावी, आणि यापुढे कोणत्याही देशातील कोणत्याही चित्रपटात तरुण मुलगा मृत झाल्यास, प्रेक्षक उठण्यापूर्वी त्याला एक वेळ घरी जेवायला पाठवण्यात यावे. केलेल्या कारवाईचा अहवाल या मंडळास तीस दिवसांच्या आत मिळावा.

आपला विश्वासू,
मो. ना. पांढरीपांडे, वकील."