समुद्र न पाहिलेली गाडी

“सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही,” ग्लास टेबलावर आपटत क्लेम ट्रेव्हॉरोनं जाहीर केलं.

“मग कशाला घसा कोरडा करतोस?” बेव्हन म्हणाला. धान्याच्या कोठारावर एकतीस वर्षं क्लेमच्या शेजारी उभा राहिलेला हा माणूस. क्लेमचं निम्मं बोलणं तो ऐकायचा आणि निम्मं सोडून द्यायचा.

“गाडी तयार झाली म्हणून. काल संध्याकाळी चालवली.”

काउंटरमागे ग्लास पुसणाऱ्या नोएलीनचा हात थांबला. कुठली गाडी, हे गावातल्या बोल्स क्लबाच्या बारमध्ये कुणालाच विचारावं लागलं नाही. क्लेमच्या लायसन्सचा कालचा शेवटचा दिवस होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

“काल?” बेव्हननं विचारलं.

“काल. साडेपाचला. आता ऐका.”

क्लेमनं काय सांगितलं ते येईलच. आधी घडलं काय, ते सांगायला हवं.

पोर्ट कॅरोवेत वाराच खारट. इथं कुत्र्याच्या पट्ट्याची कडी दोन उन्हाळे काढत नाही. चर्चची घंटा दर ईस्टरला थोडी थोडी बसत गेली आणि आता ती वाजत नाही, नुसती खोकते. एका नवऱ्या मुलानं लग्नाला नवाकोरा पत्र्याचा मंडप घातला होता. पाद्रीबुवांचं प्रवचन जरा लांबलं, तर नवरानवरी बाहेर पडली तेव्हा डोक्यावर नुसते खिळे उरले होते. अशा गावात गाडी किती टिकणार? म्हणून इथली माणसं गाडी घेताना पहिल्यांदा तिचं गाव विचारतात, सोयरिकीत घराणं विचारावं तसं. किनाऱ्यावरची असेल तर फुकट दिली तरी नको. आतली, तीनशे-चारशे किलोमीटर आत, जिथं लाल माती आणि माश्या सोडून काही नाही, तिथली असेल तर डोळे मिटून घ्यावी. हे पोरं चालायच्या आधी शिकतात.

क्लेमला डोळे मिटायची तेवढी गरज उरली नव्हती. सरळ रेषा वाकड्या दिसायला लागून दोन वर्षं झाली होती. धक्क्याचा कठडा लाटेसारखा हलायचा. माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं की कान दिसायचे, केस दिसायचे, मधे धुरकट डाग. मागच्या मे महिन्यात शहरातल्या डॉक्टरणीनं कागदावर सही केली आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं.

“या वर्षी करते, मिस्टर ट्रेव्हॉरो. दिवसाउजेडी, ओळखीचा रस्ता, एवढंच. पुढच्या वर्षी नाही करणार.”

“करता येणार नाही, की करणार नाही?”

“दोन्ही.”

बाहेर पार्किंगमध्ये त्यानं बायकोला सांगितलं, “ग्लेनिस, लाल गाडी घ्यायची. दोन सीटांची, उघड्या टपाची.”

“आत्ता?”

“मग कधी?”

जन्मभर तो धान्याचे ट्रक मागेपुढे घेत आला होता, आणि घरची गाडी म्हणजे मागे पोरं आणि वर मासे पकडायचे गळ. विसाव्या वर्षी हवी होती ती गाडी पंचेचाळीस वर्षं लांबत गेली, आणि आता हातात एक वर्ष होतं.

दुसरा कुणी असता तर त्याच आठवड्यात मिळेल ती घेऊन मोकळा झाला असता. पण क्लेम पडला काळजीवाला. फसायचं नाही, हा त्याचा हट्ट. त्यानं वही केली. फ्रिजवरचं कोळंबीच्या आकाराचं लोहचुंबक खिशात घातलं. पत्र्याला फडक्यातून लावायचं. चिकटलं तर खाली लोखंड, घसरलं तर कुणीतरी भोकात लांबी भरून वरून रंग मारलाय. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. ते गरम लागलं तर समजायचं, मालकानं आधीच इंजिन चालू करून ठेवलंय, थंड असताना ते सुरू होत नसणार. सात गाड्या त्यानं परत पाठवल्या. एकीच्या गालिच्याला ओल्या कुत्र्याचा वास होता. एकीची चार चाकं चार जातींची होती. एकीचा मालक फार हसत होता.

“माझ्याशी लग्न करताना एवढं वाकून बघितलं नव्हतंस,” ग्लेनिस म्हणाली.

“तेव्हा डोळे चांगले होते.”

या बघण्यात बारातले तीन महिने गेले.

आठवी गाडी याराबूलला होती. गाडीनं पाच तास आत. पाऊस तिथं वर्तमानपत्रातूनच कळतो. ग्लेनिसनं गाडी चालवली, मागे ट्रेलर. मालक रासमुसेन, उंच, वाळका माणूस, दारात उभा होता.

“हात ठेवा,” क्लेमनं तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला. “थंड आहे. सकाळपासून शिवलो नाहीये.”

लाल होती. चोपन्न साली जन्मलेल्या माणसाला चौऱ्याहत्तर साली जी लाल हवी असते, तीच. क्लेम सतरंजी टाकून खाली गेला. कोळंबी दारांवरून, मडगार्डांवरून, दाराखालच्या उंबऱ्यांवरून फिरली. सगळीकडे टक्कन चिकटली. अर्धा तास तो बाहेर आला नाही.

“जिवंत आहेस का?” ग्लेनिसनं विचारलं.

“लोखंड आहे ग. सगळं लोखंड आहे!” खालून आवाज आला. लग्नात ‘हो’ म्हणतानाही तो असा म्हणाला नव्हता.

मग प्रश्न. अपघात? नाही. कधी पाण्यात बुडाली? “इथं? आंघोळीची मारामार आहे.” उभी कुठं असते? शेडमध्ये. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न: “समुद्राकाठी कधी होती?”

रासमुसेननं छातीवर हात ठेवला. “समुद्र? या गाडीनं समुद्र बघितलेलाच नाही.”

आणि माणूस खरं बोलत होता.

“दारावर हे गोल काय आहे?” ग्लेनिसनं विचारलं. दाराच्या मधोमध ताटाएवढ्या वर्तुळात रंग जरा ताजा दिसत होता.

क्लेमनं वाकून पाहिलं. त्याला तिथं धूर दिसला. “उन्हाचं असेल,” तो म्हणाला.

रासमुसेन काही बोलला नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग फेरी. टप मागे टाकून, गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर, रासमुसेन शेजारी. जायला सहा मिनिटं, यायला सहा. क्लेम परत आला तेव्हा त्याचे केस उभे होते आणि चेहरा विशीतला होता. पैसे दिले, हात मिळवले.

“चालवत ने की घरी,” ग्लेनिस म्हणाली. “मी मागून येते ट्रेलर घेऊन. ऊन आहे, रस्ता मोकळा आहे.”

“पन्नास वर्षांची गाडी, अनोळखी होसपाइप, अनोळखी पट्टा, आणि पाच तास? वेडी आहेस का? आधी थिओ बघू दे.”

गाडी ट्रेलरवर चढली. क्लेम वाटभर मान वळवून मागे बघत बसला.

थिओ कलाफातिस म्हणजे गावातला एकमेव माणूस ज्याला असल्या गाड्यांचा पत्रा कळतो. त्यानं गाडी लिफ्टवर घेतली. उंबऱ्याखाली पाणी निचरायला बारीक भोक असतं, त्यात स्क्रूड्रायव्हर घातला. भोक मोठं झालं. मग आणखी मोठं झालं. मग आतून पांढरं काहीतरी भसाभसा गळायला लागलं. साखरेचं पोतं फुटावं तसं. बूट बुडाला तरी थांबेना. थिओनं चिमूटभर जिभेवर ठेवलं.

“मीठ,” तो म्हणाला.

“कसं असेल? ती आतली गाडी आहे!”

“आपलं नाही हे. आपल्याला जरा मासळीची चव असते. हे तळ्याचं.” त्यानं दारावरच्या वर्तुळावर बोट फिरवलं. “इथं नंबर चिकटवला होता. उत्तरेला ती कोरडी खारी तळी आहेत ना, त्यांच्यावर दर वर्षी शर्यती लावतात. कितीदा पळवलीय देव जाणे. वरून धुतली असेल, आत कोण हात घालतो? बाहेरचा पत्रा पातळ होईस्तोवर उभा राहतो, तुझं चुंबक चिकटणारच. आतलं सगळं वेफर झालंय, क्लेम. वर जोरात शिंकू नकोस.”

“चालवता येईल? थोडीशी? धक्क्यापर्यंत?”

थिओनं लिफ्टच्या खांबाला पाठ टेकली. “खड्डा लागला तर तू रस्त्यावर आणि स्टिअरिंग तुझ्या हातात. मी देणार नाही. पोलिसही देणार नाहीत.”

“मग किती दिवस?”

“दिवस म्हणू नको रे बाबा.”

क्लेमनं घरी येऊन रासमुसेनला फोन लावला. तो ओरडला नाही, त्यानं नुसतं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “तुम्ही समुद्राचं विचारलंत.”

नवे उंबरे विलायतेहून यायचे होते. बोटीनं अकरा आठवडे. आले ते दोन्ही डाव्या बाजूचे. उजवा यायला आणखी दहा. तो आला तेव्हा थिओची अंतर्गळाची शस्त्रक्रिया होती आणि डॉक्टरनं त्याला चमच्याहून जड काही उचलायला मनाई केली होती. दर गुरुवारी क्लेम चालत थिओच्या शेडमध्ये जायचा. गाडी चार ठोकळ्यांवर, चाकं काढलेली, खालची जमीन थेट दिसायची. तो हळूच आत बसायचा. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. थिओ तेव्हा रेडिओ मोठा करायचा.

मार्चमध्ये धुरकट डाग वाढला. ग्लेनिसचा चेहरा आता आवाजानंच ओळखायचा. एप्रिलमध्ये डॉक्टरणीनं पेन उचललं नाही. कागद पुढं सरकवला, एवढंच. मे महिन्याच्या त्या गुरुवारी, म्हणजे काल, साडेपाचला गाडी ठोकळ्यांवरच होती, एक उंबरा लागलेला, एक नाही. क्लेम तिच्यात अंधार पडेपर्यंत बसला. मग ग्लेनिस येऊन त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली.

आणि आज शुक्रवार.

“थिओनं दुपारी चाकं चढवली,” क्लेम सांगत होता. “मी म्हटलं, थिओ, कुणाला बोलू नको, पोरं गर्दी करतील. टप मागे टाकला. मेन स्ट्रीटवरून अशी गेली म्हणता, बँकेच्या काचेत मी माझीच पाठ बघितली.”

“हो का,” बेव्हन म्हणाला. सकाळी ब्रेकच्या तेलासाठी तो थिओच्या शेडमध्ये जाऊन आला होता. त्यानं ग्लासात नजर घातली आणि तिथंच ठेवली.

ग्लेनिस पलीकडच्या टेबलावर मटण बक्षीस असलेल्या सोडतीची तिकिटं फाडत होती. तिचे हात चालू राहिले.

“वळणावर तिसरा टाकला,” क्लेमचा उजवा पाय टेबलाखाली दबला. “लोण्यासारखा बसला. कोठारापाशी सगळे सीगल उडाले, आणि एक माझ्याबरोबर राहिला, दाराला लागून, थेट धक्क्यापर्यंत. माझ्याकडे बघत होता लेकाचा, शर्यत लावल्यासारखा.”

कुणी हसलं. कुणी म्हणालं, “सीगलनं हरवलं की नाही?”

“हरतोय! शंभरावर होतो.”

नोएलीन काउंटरवर कोपरं टेकून पुढं झुकली होती. त्या खोलीत फक्त तिचाच त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला होता, आणि तिचे डोळे भरून आले होते. “मग, क्लेम? धक्क्यावर काय केलंस?”

क्लेमनं तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“थांबलो. इंजिन बंद केलं. ऊन असं तिरपं आलं होतं, नोएलीन. कठडा सरळ, एकदम सरळ, पट्टीनं आखल्यासारखा. पाणी तांब्याच्या रंगाचं. आणि तुझ्या बहिणीच्या टपरीचं छप्पर, काय सांगू, निळंशार, आत्ताच धुतल्यासारखं...”

“निळं?” नोएलीनच्या तोंडून निघून गेलं. “अरे, नाताळातच हिरवं केलं ना तिनं! क्लेम, तू काल तिथं गेलाच नाहीस.”