आतल्या खोलीतला कॅमेरा

बायको मीनाबाई गेल्यापासून धोंडीराम कळंबा रोडच्या घरात एकटाच राहत होता. त्याच्या एकटेपणाची धास्ती त्याच्यापेक्षा पुण्यातल्या मुलालाच जास्त. प्रसेनजीत सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. जेवलात का, गोळी घेतली का, साखर तपासली का? धोंडीराम सगळ्याला व्हय म्हणायचा आणि फोन ठेवला की टीव्ही लावायचा.

दिवाळीत शेजारच्या विजयसिंहाचं घर फुटलं. सगळी मंडळी गगनबावड्याला सासुरवाडीला गेलेली. परत येऊन बघतात तर कडी उचकटलेली, कपाटं उपसलेली, देवघरातली चांदीची समईसुद्धा गायब. बातमी पुण्याला पोचायला काय वेळ लागणार! पुढच्याच सुट्टीत प्रसेनजीत आणि त्याची बायको निशा गाडी घेऊन दारात उभे.

"बाबा, पुण्याला चला म्हटलं तर येत नाही. मग निदान घराची तरी सोय करू या," प्रसेनजीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं राजारामपुरीतल्या दुकानात गेली. दुकानदारानं काचेवर डबे मांडले. एक कॅमेरा एकाच जागी बघणारा, एक मान फिरवणारा, एकाला अंधारातही दिसायचं. बेल दाबणाऱ्याचं तोंड मोबाईलवर दाखवणारी बेल. बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप. प्रसेनजीतला ते कुलूप फार आवडलं. पण धोंडीरामचं सगळं आयुष्य फाउंड्रीत गेलेलं. साचे भरून आणि तापलेलं लोखंड हाताळून बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्या होत्या. दुकानदारानं त्याचं बोट इकडून टेकवलं, तिकडून टेकवलं, पुसून टेकवलं. यंत्र लाल दिवा दाखवून नाहीच म्हणालं.

"ऱ्हाऊ दे," धोंडीराम म्हणाला. "माज्याच घरात मला घेणार न्हाय ते."

शेवटी पुढच्या दाराला कॅमेऱ्याची बेल घेतली आणि आत एक मान फिरवणारा कॅमेरा. त्यातून पुण्यात बसून बोलता यायचं, आणि मोबाईलवर बोट ठेवलं की सायरनही वाजायचा. तो कॅमेरा आतल्या खोलीत लावायचा म्हटल्यावर मात्र धोंडीराम बिथरला.

"आत कशाला? आत मी बनियनवर असतो."

"आईचं सोनं त्याच खोलीत आहे बाबा. आणि तुमची साखर उतरून तुम्ही पडलात, तर कुणाला कळणार?"

पावसाळ्यात एकदा तो तसा पडला होता. शुद्धीवर आला तेव्हा गाल फरशीला टेकलेला आणि गॅसवरचं दूध जळून घरभर वास सुटलेला. त्यानं स्वतःच टेबल ओढून भिंतीशी लावून दिलं.

प्रसेनजीत टेबलावर चढून कॅमेरा बसवत होता आणि निशा खाली मोबाईलवर एकेक गोष्ट जुळवत होती. वायफाय जोडलं, पासवर्ड घातला, कपाटाच्या भोवती एक चौकट आखली. त्या चौकटीत कुणी अनोळखी आलं की दोघांच्या मोबाईलवर लगेच खबर जाणार होती. मग ओळखीची तोंडं भरायची होती. निशानं धोंडीरामचा फोटो काढला, स्वतःचा आणि प्रसेनजीतचा घातला, नणंदेचा, म्हणजे प्रीतीचा, तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतला.

"अजून कोण येतं घरात, बाबा?"

धोंडीरामनं थोडा विचार केला. "कोण येतंय? कोण न्हाय."

केरबा त्याच्या ध्यानातच आला नाही. केरबा येतो असं त्यानं कधी मनात मोजलंच नव्हतं. केरबा असायचाच.

केरबाचा चार म्हशींचा गोठा जुन्या गावठाणात होता. तरुणपणी दोघं एकाच फाउंड्रीत, एकाच भट्टीवर. जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या गटानं बसायचे, धोंडीराम एका कडेला. केरबा एक दिवस आपला डबा घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला आणि विचारल्याशिवाय त्याच्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. पुढं धोंडीरामनं घर बांधलं, बुद्धवंदना झाली, पंगत बसली, तेव्हा गावठाणातून आलेला तो एकटाच. केरबाच्या आईनं त्यावरून घरात महाभारत केलं. कित्येक महिने त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. त्यानं धोंडीरामला त्यातलं काही सांगितलं नाही. पुढं कधीतरी दुसऱ्याच कुणाकडून ते धोंडीरामच्या कानावर आलं.

तेव्हापासून केरबा रोज दिवस कलताना दुधाची किटली घेऊन परसदारानं थेट स्वयंपाकघरात यायचा. पुढच्या दाराची बेल त्यानं कधी दाबली नव्हती. चहा करायचा, धोंड्याला शिव्या द्यायच्या, पेठांच्या फुटबॉल मॅचवरून भांडायचं आणि अंधार पडला की जायचं. मीनाबाई होती तेव्हाही असंच, ती गेल्यावरही असंच.

थंडीचे दिवस होते. धोंडीराम दुपारी गोळी घेऊन जेवायचा कंटाळा करून तसाच झोपला होता. केरबा आला तेव्हा तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला, कपाळावर घाम, हात थरथरत.

"आरं, काय हुतंय रं तुला?"

"साखर उतरली वाटतं. आत कपाटात मशीन हाय बघ, वरच्या फळीवर. चावी दारालाच हाय. आण जा."

केरबानं आधी त्याच्या हातात गुळाचा खडा दिला, "हे चघळ," म्हणाला, आणि आत गेला. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पाठ कॅमेऱ्याकडं. वरच्या फळीवर मशीन दिसेना म्हणून तो वाकून खालच्या फळ्या चाचपू लागला.

तिकडं पुण्यात प्रसेनजीत ऑफिसात होता. मोबाईल थरथरला. पडद्यावर आईचं कपाट सताड उघडं, एक वाकलेली पाठ, आणि वडील कुठंच नाहीत. त्यानं सायरन लावला.

अख्खी गल्ली हादरावी असा तो आवाज. केरबा दचकून मागं सरकला, त्याच्या हातातून मीनाबाईची एक घडी घातलेली साडी खाली पडली. तेवढ्यात छताजवळून प्रसेनजीतचा आवाज आला, "ए! कोण आहेस तू? बाबा कुठायत? कपाटाला हात लावू नकोस! पोलिसांना फोन केलाय!"

एकदा घर फुटलेला विजयसिंह आवाज ऐकून काठी घेऊनच धावला. मागोमाग आणखी दोघं-तिघं. परसदार उघडंच होतं. विजयसिंहानं आत शिरून केरबाची मान मागून धरली आणि त्याला भिंतीवर दाबला. माकडटोपी निघून पायात पडली.

"सोड की! म्या हाय, केरबा!"

सायरन बंद झाला. मग प्रसेनजीत म्हणाला, "केरबाकाका? अहो, मला वाटलं..." आणि लगेच, "पण काका, आईच्या कपाटात तुम्ही काय करत होता?"

धोंडीराम भिंतीला धरत धरत दारात पोचला होता. माणसं, काठी, खाली पडलेली साडी, भिंतीला टेकलेला केरबा. त्यानं केरबाकडं बघायच्या आधी कपाटाकडं बघितलं. आतल्या कप्प्याकडं, जिथं मीनाबाईची बोरमाळ आणि पाटल्या होत्या. कप्पा बंद होता. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. नजर परत वळली तेव्हा केरबा त्याच्याकडंच बघत होता.

"म्याच पाठवलतं त्येला," धोंडीराम म्हणाला. "सोडा. म्याच पाठवलतं."

विजयसिंहानं हात काढला, माफी मागितली, टोपी उचलून झटकून दिली. केरबानं ती घातली नाही. पुन्हा कपाटाशी गेला, मशीन शोधून काढलं, धोंडीरामला खुर्चीवर बसवलं, बोट टोचून साखर बघितली, पाण्यात साखर कालवून पाजली. धोंडीरामच्या तोंडावर रंग आला तसा किटली उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दूध आलं, पण ते केरबाचा मुलगा आकाराम घेऊन आला. "आबांची कंबर धरलीया," म्हणाला. तिसऱ्या दिवशीही तोच.

धोंडीराम गावठाणात गेला. केरबा गोठ्यात शेण ओढत होता. कंबरेला काही झालेलं दिसत नव्हतं.

"पोराचं मनावर घिऊ नगंस, केरबा. लांब असतंय, भ्यालं."

"पोराचं काय न्हाय रं." केरबा खोऱ्याला टेकून उभा राहिला. "त्येला तेवढ्या लांबनं काय दिसणार? तू जवळ हुतास."

"म्या तर म्हटलं की, म्याच पाठवलतं म्हणून."

"म्हटलास की. बघून म्हटलास."

"साखर उतरलीती. डोकं ठिकाणावर नव्हतं माजं."

"आसंल," केरबा म्हणाला आणि घरात बघून सुनेला चहा टाकायला सांगितलं. दोघांनी चहा घेतला. म्हैस गाभण हाय, औंदा थंडी लई हाय, एवढंच बोलणं झालं. धोंडीराम परतताना कालव्याच्या कडेनं चालला. साखरेचं खोटं नव्हतं. पण आपण कप्प्याकडं का बघितलं हे साखरेनं सांगता येत नव्हतं. इतक्या वर्षांत केरबानं त्याच्या घरातली काडी इकडची तिकडं केली नव्हती आणि तसा संशय त्याला कधी स्वप्नातही आला नव्हता. मग ती नजर आली कुठून? लोक जमले, काठी आली, म्हणून आली? का ती आधीपासून कुठंतरी होतीच?

महिन्याभरानं प्रसेनजीत आला. तो सरळ गावठाणात गेला आणि गोठ्यातच केरबाच्या पाया पडला. केरबानं त्याला उठवून पोटाशी धरला. "तुजं काय चुकलं न्हाय पोरा. बापाची काळजी हाय तुला. न्हाईतर आताची पोरं..." प्रसेनजीत हलका होऊन परत आला. त्यानं केरबाचा फोटोही काढून आणला होता. मोबाईलमध्ये ओळखीच्या तोंडांत तो भरून टाकला.

"आता काही त्रास नाही बाबा. काका केव्हाही येऊ देत."

धोंडीरामनं कॅमेरा काढून टाक म्हणून सांगितलं. प्रसेनजीतचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही परत पडलात तर? आईच्या वेळीसुद्धा मला उशिराच कळलं." कॅमेरा राहिला. दूध आकारामच आणत राहिला. संध्याकाळी तो आतल्या खोलीत गेला की छताजवळचं काळं भिंग त्याच्या मागं मागं वळायचं, आणि त्या चौकटीत त्याच्याशिवाय कुणी यायचं नाही.

उन्हाळ्यात केरबाच्या नातीचं, अनुजाचं, लग्न निघालं. आकाराम पत्रिका देऊन गेला. लग्न कागलला, हायवेच्या कडेच्या मोठ्या हॉलमध्ये. धोंडीरामनं इस्त्रीचे कपडे घातले, मीनाबाई असती तर तिनं घेतली असती तशी साडी नवरीसाठी घेतली आणि एसटीनं गेला.

दारातच केरबा उभा होता, पाहुण्यांना आत घेत. धोंडीरामला बघताच त्यानं दोन्ही हात जोडले.

"या, या पावणं. वाट बघतोय तुमची. आकाराम, ह्येनला फेटा बांध. फुडं बसव."

त्याला फेटा बांधला, गुलाल लावला. पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवला, एका बाजूला नवऱ्या मुलाचे मामा, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे कुणी संचालक. जेवताना केरबा स्वतः आग्रह करायला आला, त्याच्या पानात जिलबी वाढली, "पोटभर जेवा बरं का," म्हणाला आणि पुढच्या पानाकडं वळला. त्याच्या बोलण्यात खोट म्हणून काढायला जागा नव्हती. धोंडीरामनं जिलबी खाल्ली. त्याला साखर आहे हे केरबाला ठाऊक होतं.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आतल्या खोलीत तो फेट्यासकट पलंगावर टेकला तेवढ्यात वरून प्रसेनजीतचा आवाज आला.

"बाबा, फेटा भारी दिसतोय! कसं झालं लग्न?"

"चांगलं झालं."

"काका बोलले का नीट?"

"बोलले की," धोंडीराम म्हणाला. "लई मान दिला."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? सगळं मिटलं."

धोंडीरामनं मान हलवली. पुण्यात ते दिसलं असावं, कारण प्रसेनजीत समाधानानं "झोपा आता" म्हणाला आणि आवाज बंद झाला. धोंडीराम फेटा सोडवू लागला. आकारामनं तो घट्ट बांधला होता. गाठ काही लवकर सापडेना.