लिंबावरच्या अळ्या

“कोणी केलं हे? आधी ते सांगा मला!”

बाईंचा आवाज रस्त्यापलीकडच्या शाळेपर्यंत गेला असणार. वॉचमन हातातल्या झाडूसकट जागच्या जागी थिजला. बाई लिंबाच्या झाडाखाली उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्या तळहातावर पोपटी अळ्या होत्या, आक्रसून वाकड्या झालेल्या. खाली मातीत आणखी पडल्या होत्या. सगळ्या बागेत एक वास कोंडला होता, नाकातून थेट घशात उतरणारा.

“फवारणी झाली, बाई. पहाटेच. अध्यक्षसाहेब म्हणाले, आज बागेच्या बक्षीस समारंभाला पाहुणे येणार, खाल्लेली पानं बरी दिसत नाहीत.”

“अध्यक्ष स्वतः पाठीला पंप लावून फिरले का? फवारलं कोणी?”

वॉचमन झाडूच्या काड्या नीट करू लागला. “मला वाटलं, तुम्हाला घरी ठाऊक असेल...”

बाईंना अर्थ कळायला एक क्षण लागला. कळला तशी तळपायाची आग मस्तकात गेली.

राग त्यांच्या नाकावरच असे. शाळेतली मुलं त्यांना पाठीमागे ‘तिखटबाई’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं. हा जमिनीचा तुकडाही त्यांनी भांडूनच मिळवला होता. वसाहतीच्या कोपऱ्यात जुन्या गाद्या, फुटकी बेसिनं, बांधकामाचा राडारोडा पडलेला असे. अध्यक्षांना तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. भर सभेत बाई उठून म्हणाल्या होत्या, “गाड्यांना काही शिकायचं नसतं. मुलांना शिकायचं असतं. पुस्तकातलं फुलपाखरू मेलेलं असतं हो!” अर्धी सभा हसली, पण जागा मिळाली.

मग त्या रोज वर्ग घेऊन तिथे येऊ लागल्या. लोक आधी खिडक्यांतून मजा बघत राहिले. हळूहळू एकेक जण खाली उतरला. शिंपीणकाकूंनी माती वाहायला जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवून दिल्या. कंपाउंडरने आपल्या नळाला पाइप जोडून दिला. आणि बाईंचे यजमान, ज्यांना अख्खी वसाहत ‘घड्याळवाले’ म्हणत असे, ते दुकान बंद करून आले की कुदळ घेत. आयुष्यभर चिमट्याने बारीक चाकं उचललेले हात ते. पण लिंबाचे खड्डे त्यांनीच खणले, तळव्यांना फोड आणून.

बाईंनी लिंबू लावलं होतं ते लिंबांसाठी नाहीच, अळ्यांसाठी. पान कुरतडलेलं दिसलं की मुलांनी ओरडायचं नाही, गुपचूप शेजारी बसून बघायचं, असा नियम होता. झुरळाला पाहून टेबलावर चढणारी एक मुलगी होती, सगळे तिला ‘भित्री’ म्हणत. गेल्या आठवड्यात तिने एक अळी आपल्या बोटावर चढू दिली होती. श्वास रोखून, डोळे विस्फारून. “बाई, ही गार आहे!” अळ्या आता पुरत्या वाढल्या होत्या. आज-उद्या कोष करणार म्हणून अख्खा वर्ग टपून बसला होता.

बाई तरातरा घरी आल्या. घड्याळवाले बेसिनशी उभे राहून साबणाने हात चोळत होते. समारंभासाठी इस्त्रीचा शर्ट घातलेला. बाल्कनीत पंप पालथा ठेवला होता.

“अहो, काय करून बसलात हे?”

“तुला सांगणारच होतो. अध्यक्ष काल दुकानात आले होते. म्हणाले, बाग छान आहे, पण पानं अशी चाळण झालेली. हातचं बक्षीस जाईल म्हणे.”

“मला विचारावंसं नाही वाटलं?”

“तू नको म्हणाली असतीस.”

“म्हणून नाही विचारलंत!”

“तुझंच नाव व्हावं म्हणून केलं गं. पहाटे उठून, एकट्याने. मला काय हौस होती? आणि किडेच तर होते.”

“किडेच तर होते.” बाईंनी ते शब्द हळू, सुटे सुटे करून म्हटले. “रोज जेवताना मी बोलत असते. कुठली अळी, कुठल्या पानावर, किती वेळा कात टाकली. कोणाशी बोलत होते मी? भिंतीशी?”

“ऐकायचो की मी.”

“काय ऐकलंत? एक गोष्ट सांगा. एकच.”

घड्याळवाल्यांनी पुन्हा साबण उचलला. नळ वाहत होता.

समारंभाला बाई गेल्या, कारण मुलं येणार होती. बागेच्या कडेने भाड्याने आणलेल्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या, सगळ्या एकाच उंचीच्या. बाईंनी मुलांना फाटकातच अडवलं. “आज कोणी पानाला हात लावायचा नाही. एकानेही नाही.” त्यांचा चेहरा बघून कोणी ‘का’ विचारलं नाही.

बक्षीस समितीच्या पाहुण्या फेरी मारून खुर्चीवर बसल्या. अध्यक्ष माईकवर वसाहतीच्या एकजुटीबद्दल बोलू लागले. लिंबाखाली बराच वेळ मान वर करून उभी असलेली ‘भित्री’ मध्येच मोठ्याने म्हणाली, “बाई, आपल्या अळ्या कुठे गेल्या?”

अध्यक्षांनी माईक सोडला नाही. लाडाच्या सुरात म्हणाले, “अगं बाळा, त्यांची फुलपाखरं झाली! भुर्रकन उडून गेली!”

लोक हसले. पाहुण्याही हसल्या. मुलगी हसली नाही. “मग कोष कुठे आहेत?” तिने विचारलं. “रिकामे कोष राहतात ना?”

बाई उठून उभ्या राहिल्या. माईकची त्यांना कधीच गरज नव्हती.

“त्या उडून गेल्या नाहीत. मेल्या. विष मारून मारल्या. या पाहुण्यांना पानं अखंड दिसावीत म्हणून.”

“बाई, आत्ता हा विषय नको,” अध्यक्ष दातांतून म्हणाले.

“हाच विषय आहे! दुसरा विषयच नाही इथे. फुलदाणी मांडायची होती तर घरात मांडायची होती. आणि मुलांशी खोटं बोलायचं तर माझ्यासमोर बोलायचं नाही.”

कोणी खोकलं. मग मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. “फवारलं मी,” घड्याळवाले म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की पुढच्यांना वळून बघावं लागलं.

“का, काका?” मुलीने विचारलं.

“मला माहीत नव्हतं.”

खोटं बोलताय, असं ओरडावंसं बाईंना वाटलं. पण ते खरं बोलत होते. राग त्याचाच जास्त होता.

बक्षीस मिळालं. नीटनेटकेपणासाठी खास कौतुकही झालं. ढाल अध्यक्षांनी घेतली, फोटोत हसले आणि कार्यालयातल्या कपाटात ती ठेवून दिली. चार दिवसांनी फाटकावर पाटी लागली: ‘पानाफुलांना हात लावू नये.’ बाईंनी ती त्याच दुपारी उपटून अध्यक्षांच्या दाराला टेकवून ठेवली. दार वाजवलं नाही. पाटी पुन्हा लागली नाही.

घरात बाई कामापुरतं बोलत. मीठ पुढे करा, दार लावून घ्या. जेवताना फक्त ताटांचा आवाज येई. घड्याळवाले दोनदा काही म्हणायला गेले आणि दोन्ही वेळा बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा ताटावर वाकले.

एका संध्याकाळी शाळेतून परतताना त्यांना बागेत कोणीतरी वाकलेलं दिसलं. घड्याळवाले होते. शेजारी पाण्याची बादली, हातात घड्याळं पुसायचं मऊ फडकं. ते लिंबाचं एकेक पान पुसत होते. काट्यांनी मनगटं ओरबाडली होती, चष्म्यावर पाणी उडालं होतं. बाई फाटकाशीच थांबल्या. त्यांचा संताप पुन्हा उसळून आला.

“पुसून जाणार नाही ते. आत मुरलंय.”

घड्याळवाल्यांनी मागे वळून पाहिलं नाही. “मग कधी जाईल?”

“नवी पालवी आली की. तीही आली तर.”

“येईल.” त्यांनी फडकं पिळलं. थोड्या वेळाने विचारलं, “त्यांचं अंडं केवढं असतं गं?”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. इतक्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदा काही विचारलं होतं, आणि तेही आता.

“मोहरीच्या दाण्याएवढं,” त्या शेवटी म्हणाल्या. “पिवळसर. कोवळ्या पानावर.”

“मला दिसेल?”

बाई आत आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता आपला कोरडा रुमाल त्यांच्यापुढे धरला.

“आधी चष्मा पुसा,” त्या म्हणाल्या.